शाळेतली निवडणूक: खेळ म्हणून घ्यायची की खरी?

गोदाकाठचा_मास्तर

२५ जानेवारी म्हणजे राष्ट्रीय मतदार दिन. १९५० साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला, म्हणून २०११ पासून हा दिवस पाळतात. दरवर्षीप्रमाणे वरून सूचना येईल: प्रतिज्ञा, रांगोळी, घोषवाक्यं, प्रभातफेरी आणि पालकांच्या सहीचं संकल्पपत्र. ग्रुपवर फोटो टाकायचे, लिंक भरायची, विषय संपला.

यंदा आमच्या शाळेत (परभणी जिल्हा, जिल्हा परिषद, पहिली ते सातवी) सरळ निवडणूकच घ्यावी असं माझ्या मनात आहे. काल्पनिक पक्ष आणि काल्पनिक आमदार नकोत. शालेय मंत्रिमंडळ नाहीतरी करतोच आपण. हुशार पोरगा मुख्यमंत्री, ज्याचा गणवेश स्वच्छ तो स्वच्छतामंत्री, नावं गुरुजींनी वाचायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्याऐवजी अर्ज, छाननी, माघार, प्रचार, गुप्त मतदान, मोजणी, सगळं व्हावं. आणि निवडून येणाऱ्याला थोडा तरी खरा अधिकार असावा: खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे, परिपाठाचा क्रम तो ठरवणार, शनिवारी कुठला उपक्रम घ्यायचा ते मंत्रिमंडळ ठरवणार.

सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं, "लेकरांत राजकारण आणू नका." मला वाटतं राजकारण त्यांच्यात कधीचंच शिरलंय. २०२४ ला सहा महिन्यांत दोनदा भोंगे फिरले, पोरांना प्रचाराची गाणी पाठ होती. कवितेचं एक कडवं आठवत नव्हतं त्यांना. जे शिरलंय ते निदान नीट शिरू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

बालाघाटी

सर, हेतू चांगला आहे, पण माझा ठाम विरोध.

मी बीड जिल्ह्यातला पालक. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडं साडेसहा हजारांच्या फरकानं निकाल लागला. त्यानंतर काही गावांत जातीवरून कोणाच्या दुकानात जायचं आणि कोणाच्या नाही, इथपर्यंत मजल गेली. अजून ती धग पुरती निवलेली नाही. अशात तुम्ही सातवीतल्या दोन पोरांना एकमेकांविरुद्ध उभं करणार. संध्याकाळी घरी पहिला प्रश्न काय येईल? "तो कोणाचा आहे?" माझ्या पोराला आज त्याच्या बाकावरच्या दोस्ताचं आडनाव माहीत आहे, पण त्या आडनावाचा अर्थ माहीत नाही. तो कळायला अजून दोन-चार वर्षं लागली तर बरंच आहे.

मतदान शिकवायचंच ना? मग माणसावर नको, विषयावर घ्या. सहल वेरूळला न्यायची की औंढा नागनाथला? वाचनपेटीत गोष्टींची पुस्तकं घ्यायची की विज्ञानाची? मत द्यायचं तेच, पेटी तीच, मोजणीही तीच. कोणी हरत नाही, कोणाचं घर दुखावत नाही.

खडू_फळा

वरच्या प्रतिसादाला +१, माझं कारण मात्र वेगळं.

मास्तर, तुमच्या शाळेत सात वर्गांना किती शिक्षक आहेत? आमची द्विशिक्षकी शाळा. त्यातला एक बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी). मतदार यादीचं काम, पोर्टल, पोषण आहाराची रोजची नोंद, चाचण्यांचे गुण ऑनलाइन चढवणं, मधूनच प्रशिक्षण. चौथीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही आणि आपण त्याला छाननी शिकवायची! अर्ज ते मोजणी म्हणजे आठवडा गेला. आणि शेवटी होणार काय, तर जो पोरगा चॉकलेट वाटेल तो निवडून येईल.

सतरा_सी

मी महसुलातून निवृत्त. केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका काढल्या आहेत, मतपत्रिकांच्याही आणि यंत्राच्याही. त्यामुळे थोडं लांबेल.

शाळांमधल्या अशा निवडणुकांचे व्हिडिओ मी बघतो. मोबाईलवर मतदान यंत्राचं ॲप, पोरगं बटण दाबतं, पीं वाजतं, बोटाला मार्करची शाई, टाळ्या. निकाल ॲपच सांगतं. यात पोरं शिकली काय? बटण दाबायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही, आपल्याला ते शिकवतात.

खऱ्या केंद्रावर काय चालतं बघा. मतदान सातला सुरू होणार असेल तर आम्ही साडेपाचला यंत्र मांडून बसलेले. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतं टाकून दाखवायची. मग क्लोजचं बटण, रिझल्टचं बटण, आणि व्हीव्हीपॅटच्या (मत कोणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी जुळवायच्या. मग क्लिअर. यंत्रात शून्य आहे हे सगळ्यांना दाखवायचं. त्या चिठ्ठ्यांवर मागं 'मॉक पोल'चा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील करायच्या, म्हणजे पुढं खऱ्या चिठ्ठ्यांत मिसळायला नकोत. संध्याकाळी किती मतं पडली तो आकडा सतरा-सी नमुन्यात भरायचा, प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात. मोजणीच्या दिवशी तो माणूस तो कागद घेऊन येतो आणि आकडा जुळतो का ते स्वतः बघतो.

म्हणजे इथं कोणीच कोणावर विश्वास ठेवत नाही, हे धरूनच सगळी व्यवस्था बांधलेली आहे. अधिकाऱ्यावर नाही, यंत्रावर नाही, समोरच्या पक्षावर तर नाहीच. पोरांना हे शिकवा. रिकामी पेटी उलटी करून दाखवा. दोन्ही बाजूंच्या पोरांच्या सह्या सीलवर घ्या. किती जणांनी सह्या केल्या, पेटीत किती कागद निघाले, एक कमी कसा? तो एक कागद शोधताना पोरं जे शिकतील ते घोषवाक्यातून शिकणार नाहीत.

म्हणून ॲप नको, कागदच घ्या. अर्धवट फुली मारलेली मतपत्रिका वैध की अवैध, यावर पोरांना भांडू द्या.

आणि बालाघाटी, सहलीवर मत घ्यायला माझी हरकत नाही, पण औंढ्याच्या वतीनं कोण पेटी तपासणार? प्रतिनिधी नसला तर संशय घ्यायला माणूसच उरत नाही.

बालाघाटी

सतराजी, तुमचा मुद्दा भारी आहे. पण गुप्त मतदान शाळेत गुप्त राहतच नाही. तिसरीच्या वर्गात अठरा पोरं. पेटीत अमक्याला चौदा निघाली की उरलेली चार कोणाची ते मधल्या सुट्टीच्या आत कळतं. मग त्या चौघांशी कोणी खेळत नाही. मोठ्यांत चालतं तेच आहे हे.

सतरा_सी

अगदी बरोबर, आणि ही दुखरी जागा फक्त शाळेची नाही.

मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्यांतले कागद एकत्र करून मिसळायची सोय होती. हजारांचा ढीग व्हायचा, त्यात कुठल्या वाडीनं कोणाला दिलं ते शोधूनही सापडत नसे. यंत्र आल्यावर मोजणी यंत्रनिहाय, म्हणजे केंद्रनिहाय झाली. दोन केंद्रांचं गाव असेल तर दुपारपर्यंत आकडा पारावर येतो. "आपल्या गावानं अकराशेचा लीड दिला" म्हणून फटाके, आणि ज्या वस्तीनं दिला नाही तिच्या रस्त्याला पुढची पाच वर्षं मुरूम पडत नाही. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र आयोगानं २००८ मध्येच सुचवलं होतं. सरकारनं ते स्वीकारलं नाही.

शाळेला कोणाची परवानगी लागत नाही. पहिली ते सातवीचे सगळे कागद एका चादरीवर ओता, हातानं कालवा, मग मोजा. वर्गवार आकडा जाहीरच करू नका. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी मी ही निवडणूक घ्यायला लावीन.

पाचटाची_शाळा

तारखेबद्दल कोणी बोललंच नाही.

२५ जानेवारीला आमच्या तांड्यावरची निम्मी लेकरं शाळेत नसतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोयता घेऊन आई-बाप सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात. जी लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात ती शाळेत दिसतात, बाकीची फडावर. परत येतात मार्च-एप्रिलला. म्हणजे तुमच्या मतदार यादीत नाव आहे, पण मतदार पाचट बांधतोय. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं, तेव्हाही आमच्याकडं तीच अडचण होती: गाड्या करून माणसं परत आणायची आणि ज्यानं गाडी केली त्याच्याच मर्जीनं मत द्यायचं.

शिवाय जानेवारीत निवडून आलेला मुख्यमंत्री एप्रिलमध्ये घरी. त्यानं करायचं काय? घ्यायची तर जुलैत घ्या, सगळी लेकरं हजर असताना. २५ तारखेला फार तर आधीच्या मंत्र्यांना प्रश्न विचारा: किल्ली दिली होती, बॅट कुठाय?

नवमतदार_लातूर

७ मे २०२४ ला पहिलं मत दिलं. शाळेत असताना आमच्याकडंही 'निवडणूक' झाली होती. मी सांस्कृतिक मंत्री! पुढं वर्षभर मंत्री म्हणून केलं काय, तर पाहुण्यांना गुलाब दिला. कोण उभं राहणार हे बाईंनी आधीच ठरवलेलं. त्यामुळं अधिकार खरा हवा या मास्तरांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा. अधिकार नसेल तर पोरं एकच धडा घेतात, की मत दिल्यानं काही होत नाही.

एक शंका. नोटा ('वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय) ठेवणार का? आमच्या वर्गानं तेव्हा विचारलं होतं, "नोटा जिंकला तर?" बाई म्हणाल्या, "असं होत नसतं."

सतरा_सी

होतं की. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं २०१३ पासून नोटा आला. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक स्वराज्य संस्थांत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. शाळेला दुसरा नियम लावा, मजा येईल.

खडू_फळा

मजा तुम्हाला येईल हो, फेरनिवडणूक आम्हाला घ्यायचीय.

एकमतानं निवडा ना. आपल्याकडं गावं बिनविरोध झाली तर कौतुक होतं, मग शाळेतच चुरस कशाला हवी?

गोदाकाठचा_मास्तर

बिनविरोधचं कौतुक मीही ऐकलंय. २०२१ च्या जानेवारीत नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी या गावांत पदांचे लिलाव झाल्याचं उघड झालं, आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. गावाच्या एकमताची किंमत मंदिराच्या वर्गणीत मोजली जात असेल, तर दोन उमेदवार आणि थोडी धुसफूस मला परवडली.

तारखेचं पटलं. निवडणूक जुलैत, जानेवारीत जाब. कागद कालवायचं तर फारच पटलं.

बालाघाटी, तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. पण विषयावर मत घेतलं तर पोरं आपल्याला काय हवं ते सांगायला शिकतील. आपल्यासाठी दुसऱ्यानं ठरवावं म्हणून त्याला निवडायचं, मग त्याला जाब विचारायचा आणि पुढच्या वेळी पाडायचं, हे वेरूळ-औंढ्यात कुठून येणार? वेरूळला पाडता येत नाही.

बालाघाटी

वेरूळला पाडता येत नाही, मान्य. पण वेरूळला जातपातही नसते. माझं मत आहे तिथंच आहे.

कपाशीची_बोंडं

मी पालक. शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणजे रजिस्टरमध्ये आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, समितीत पाऊणहिस्सा पालक आणि निम्म्या बायका. पालकांची सभा घेऊन त्यातून निवड करायची. माझी निवड कशी झाली सांगू? शिपाईमामा वही घेऊन घरी आले, "ताई, इथं सही करा." मी वेचणीला निघालेले, सही केली. अध्यक्ष कोण झालं ते महिन्यानं फलकावर वाचलं.

लेकरांना निवडणूक शिकवा, जरूर. पण ज्या शाळेत मोठ्यांची निवड अशी होते तिथली लेकरं आंधळी नसतात. आधी समितीची निवड त्याच व्हरांड्यात, त्याच पेटीत घ्या आणि पोरांना ती बघू द्या.

आणि मुलींचं बघा. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायकांच्या, तरी सभेला येतो नवरा. तुमच्या निवडणुकीत पोरगी निवडून आली आणि कपाटाची किल्ली क्रीडामंत्र्याच्या खिशात, असं नको.

खडू_फळा

ताई, समितीची निवडणूक पेटीतून घेतली तर मुख्याध्यापकांची बदलीच होईल. गंमत नाही करत.

कपाशीची_बोंडं

मग लेकरांची घेतल्यावर का होत नाही? कारण त्यांच्या हातात काही देणारच नाही म्हणून. बरोबर ना?

गोदाकाठचा_मास्तर

ताई, समितीची मुदत आमच्याकडं पुढच्या वर्षी संपते. सभेत पेटी ठेवायचा विषय मी मांडतो. मंजूर होईल असं म्हणत नाही.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. पहिली-दुसरीच्या लेकरांना नावं वाचता येत नाहीत. त्यांना मत द्यायचं की नाही? माझं म्हणणं, द्यायचं.

सतरा_सी

द्यायचंच. १९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, निजामाचं राज्य जाऊन तीन-साडेतीन वर्षं झालेली. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. कागदावर खूण करायची भानगड नाही, ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत टाकायचा. लहान वर्गांसाठी तेच करा. पडद्यामागं खोकी ठेवा, वर छत्री, कपबशी काढा. कुठल्या पक्षाचं चिन्ह तेवढं टाळा. मोजताना मात्र आकडा एकूण बेरजेतच धरा.

खडू_फळा

घ्या, आता खोकीही आली. तेलाच्या पुड्यांची चालतील. पण पडद्यासाठी तांदळाच्या रिकाम्या पोत्यांना हात लावू नका. बारदान्याचा हिशोब द्यावा लागतो.