वही भरत गेली, पण दिशा दिसत नाही: पहिल्या वर्षातील शिक्षिकेचा प्रश्न

प्रश्न: तांड्यावरची शिक्षिका (बीड जिल्हा)

सर्वांना नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षण सेवक (सुरुवातीची वर्षे मानधनावर काम करणारी शिक्षिका) म्हणून रुजू झाले, त्याला आता काही महिने झाले आहेत. २०२३ ची शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिल्यापासून पवित्र या भरतीच्या पोर्टलमार्फत नियुक्तीचा आदेश हाती पडेपर्यंत वर्ष उलटून गेले होते, त्यामुळे आदेश आला त्या दिवशी घरच्यांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. शाळा पहिली ते चौथीपर्यंत असून शिक्षक दोनच आहेत. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सर घेतात आणि पहिली-दुसरीची मिळून एकवीस मुले माझ्याकडे आहेत.

डी.एड.ला असताना आमच्या एका बाईंनी सांगितले होते, की रोज रात्री दिवसभराच्या कामाविषयी चार ओळी लिहीत जा, त्यातून तुमची वाट तुम्हाला सापडेल. मी ते मनापासून पाळले. जून-जुलैची पाने उमेदीने भरलेली आहेत. ऑगस्टपासून वाक्ये आखूड होत गेली. परवा सगळी वही पहिल्यापासून वाचून काढली, तेव्हा लक्षात आले की 'आज मन लागले नाही, उद्या नव्याने सुरुवात करीन' हे एकच वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत सतरा वेळा लिहिले आहे.

अडचणी काय आहेत, तेही सांगते. मुलांच्या घरी गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलतात आणि मला ती येत नाही. पहिलीतील एक मुलगी शाळा सुरू झाल्यापासून माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. दुसरीतील एक मुलगा 'पंचवीस' म्हटले की ५२ लिहितो. मी रोज दुरुस्त करून देते आणि तो रोज पुन्हा ५२ लिहितो. दिवाळी झाली की कितीतरी घरे ऊसतोडीला निघतील, आणि आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर राहू न शकणारी मुले त्यांच्याबरोबर जातील. मी स्वतः कोल्हापूर जिल्ह्यातील उसाच्या गावची आहे. आमच्या शिवारात दर वर्षी तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडत आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेतलेली माझ्याच वयाची मुले बांधावर उभी असत. त्यांची शाळा कुठे असेल, हा प्रश्न तेव्हा मला एकदाही पडला नाही. आता ती शाळा मीच चालवते आहे.

सकाळी शिक्षकांच्या गटावर येणारा सुविचार मी परिपाठाआधी फळ्यावर लिहिते. ते विचार खोटे आहेत असे मी म्हणणार नाही, पण दुपारी दोन वाजता एका बाजूला पहिलीची मुले पाट्या घेऊन रांगेत उभी असतात, दुसरीकडे दुसरीचा गलका चाललेला असतो आणि त्यातच 'माहिती तातडीने पाठवा' असा फोन येतो, तेव्हा त्या सुविचाराचा आधार पुरत नाही. आपण सर्वांनी पहिल्या वर्षी स्वतःला कसे सावरले? रोज काय केले म्हणजे आपण योग्य वाटेवर आहोत, हे कळते?

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापक (नांदेड)

ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले. रोज लिहिण्याची सवय तुम्ही टिकवली आहे, ती मोलाची आहे. ती मोडू नका. माझी सूचना एवढीच, की वहीचा विषय बदला. तुम्ही उद्धृत केलेले वाक्य तुमच्या मनाविषयी आहे. मन एका दिवसात चार वेळा पालटते, आणि त्याच्यावर रोज पहारा ठेवला तर माणूस आणखी थकतो. रोज रात्री एकाच मुलाचे नाव घ्या आणि त्या दिवशी त्याने नेमके काय केले, ते लिहा. 'वाचनात प्रगती आहे' असे लिहू नका. आपल्या वर्णनात्मक नोंदींच्या रजिस्टरात अशी वाक्ये एका मुलाची दुसऱ्याला उतरवली जातात, हे आपण सगळे जाणतो आणि ते फार वाईट आहे. डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच लिहा.

माझ्या उमेदीच्या काळातला एक मुलगा 'कमळ' हा शब्द खाडकन वाचायचा. मी महिनाभर समाधानात होतो. एकदा पुस्तकाचे ते पान फाटून चित्र गेले, तेव्हा उरलेल्या शब्दावर तो अडखळला. तो चित्र वाचत होता. ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात दिसायला हवी होती, पण मी मुलाच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याची नजर पानावर कुठे आहे, याकडे माझे लक्षच नव्हते. त्या दिवसापासून मी वाचन घेताना मुलाच्या शेजारी बसू लागलो. समोर बसणे सोडले.

आता तुमच्या ५२ विषयी. तो मुलगा बेफिकीर नाही, तो फार काळजीपूर्वक ऐकतो आहे. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी येतात आणि वीस नंतर, म्हणून ऐकल्या क्रमाने तो आधी ५ आणि मग २ लिहितो. मराठीतील संख्यानामे एककापासून सुरू होतात आणि अंक मात्र आपण दशकापासून मांडतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' ऐवजी 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी मुलांची हीच अडचण मांडली होती. तेव्हा पाटीवर दुरुस्ती करून देणे थांबवा. तुरीच्या किंवा झाडूच्या काड्या घ्या, दहादहांचे गठ्ठे रबराने बांधा, 'पंचवीस दे' म्हणून त्याला दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडायला लावा, आणि मगच गठ्ठ्यांखाली २ व सुट्यांखाली ५ लिहू द्या. त्या वेळी 'वीस आणि पाच, पंचवीस' असे मोठ्याने म्हणा. पंधरा दिवस हेच करा. मग ५२ आणि २५ शेजारी शेजारी मांडायला लावा. दोन्हींतला फरक त्याचे हातच त्याला सांगतील.

उत्तर २: डहाणू तालुक्यातील शिक्षक

गुरुजींनी गणिताचे सांगितले, मी न बोलणाऱ्या मुलीविषयी सांगतो. माझ्या वर्गातील मुले घरी वारली बोलतात. पहिल्या वर्षी मी समजत होतो, की त्यांना मराठी शिकवणे हे माझे काम आहे आणि ती गप्प आहेत म्हणजे त्यांना काही येत नाही. प्रत्यक्षात ती मुले शाळेबाहेर पाऊल टाकताच अखंड बोलत. त्यांच्याकडे भाषा होती. ती भाषा माझ्या वर्गात चालते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आपण मुलांकडून शिकायला लागा, ताई. रोज दोन शब्द विचारा आणि ते फळ्याच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहा. आईला काय म्हणता, भाकरीला काय म्हणता, इथून सुरुवात करा. मुलांना आपल्या बाईंना शिकवायला फार आवडते, आणि आपण चुकलो की त्यांना आणखी आवडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये अध्यापनाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे म्हटलेले आहे, तेव्हा यात नियमाबाहेरचे काही नाही. कोणी आक्षेप घेतलाच तर हे कलम दाखवा.

आमच्या भागाची एक गोष्ट मला नेहमी बळ देते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरे जिथे चरतात तिथेच मुलांना शिकवले. पट का भरत नाही, याची तक्रार त्यांनाही करता आली असती. मी कोसबाडला पहिल्यांदा गेलो ते नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, फार खचलेल्या मनाने. तिथून परतताना माझ्या वेळापत्रकातले दोन तास मी वर्गाबाहेर नेले होते.

उत्तर ३: प्राथमिक शिक्षिका (सातारा)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडे वेगळे सांगते, कारण त्यांत कामाची वाट आहे, पण माणसाची विचारपूस राहून गेली आहे. मी शिक्षण सेवक झाले तेव्हा मानधन ३,००० रुपये होते. २०२३ पासून ते प्राथमिकसाठी १६,००० झाले, ही मोठी सुधारणा आहे. तरीही परजिल्ह्यात खोली घेऊन, घरी थोडे पाठवून राहणाऱ्या मुलीला महिनाअखेर हात आखडावाच लागतो. शिवाय संध्याकाळी पाचनंतर बोलायला कोणी नसते. ही थकवा येण्याची खरी कारणे आहेत. त्यांना 'मन लागत नाही' असे नाव देऊन दोष स्वतःकडे घेऊ नये.

म्हणून माझा सल्ला असा, की आठवड्यातून एक संध्याकाळ तांड्यावर कोणाच्या तरी घरी जाऊन बसा. मुलाची तक्रार घेऊन जाऊ नका, वर्गणी मागायला जाऊ नका, नुसत्या जाऊन बसा. मी तसे जायला लागले तेव्हा एका घरच्या म्हातारीने मला चुलीपाशी पाट दिला आणि माझ्या गावच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. त्या जिल्ह्यात मला कोणीतरी ओळखते, असे त्या दिवशी प्रथम वाटले. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुमच्यासारखीच नवी आलेली एखादी मैत्रीण शोधा आणि एकमेकींच्या वर्गात एकेक दिवस बसण्याची परवानगी केंद्रप्रमुखांकडून घ्या.

गुरुजींच्या वहीविषयी एक काळजी व्यक्त करते. आपला आधार केवळ मुलांच्या प्रगतीवर ठेवला, तर दिवाळीनंतर निम्मा वर्ग गेल्यावर तो आधारही जाईल. मार्चमध्ये परत आलेले मूल अक्षरे विसरलेले असते. ते पाहून मी एकदा रडले आहे. त्याची तयारी आताच करा.

उत्तर ४: जिल्हा परिषद शिक्षक (सांगली)

सातारच्या ताईंनी लिहिलेले वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडून निघालेली ती मुले माझ्याकडे येतात. कदाचित अगदी तुमच्या तांड्यावरची नसतील, पण बीडची नक्कीच. डिसेंबरात गावाच्या कडेला कोप्या पडल्या की आम्ही मुलांची नोंद घ्यायला जातो. काही मुलांकडे शिक्षण हमी कार्ड असते, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून त्याच्या शाळेने दिलेले कार्ड. गेल्या हंगामात एका मुलाने ते साखरेच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणले होते. किती जपले होते त्याने! आत नाव, इयत्ता, शाळा, शिक्का हे सारे होते. पण या मुलाला काय येते, हे सांगणारी एकही ओळ नव्हती. मी त्याला पुन्हा 'अ' पासून बसवले. तीन आठवड्यांनी कळले, की तो छोटी वाक्ये वाचत होता आणि माझा मान राखावा म्हणून गप्प होता. हंगाम तसा चार-पाच महिन्यांचा असतो, आणि त्यातले त्याचे तीन आठवडे माझ्यामुळे वाया गेले.

म्हणून माझी विनंती आहे. गुरुजी म्हणतात तशी वही लिहा आणि मूल निघताना त्याच्याविषयीच्या ओळी त्याच्याबरोबर पाठवा, कार्डाला टाचून किंवा वेगळ्या कागदावर. तो कुठपर्यंत आला आहे, कशाने शिकतो, घरी कोणती भाषा बोलतो आणि तुमचा फोन नंबर, एवढे पुरे. तसा कागद माझ्या हाती आला तर मूल दुसऱ्याच दिवशी तिथून पुढे चालू लागेल, आणि मार्चमध्ये मीही तुम्हाला तसाच कागद परत पाठवीन.

तांड्यावरची शिक्षिका (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

डहाणूच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे शब्द विचारायला लागले. भाकरीला 'बाटी', आईला 'याडी', आणि पाण्याला मात्र त्यांच्याकडेही 'पाणी'च म्हणतात, याचे मुलांना माझ्याइतकेच नवल वाटले. तिसऱ्या दिवशी मोबाईलमधला माझ्या आईचा फोटो दाखवताना मी घाईत 'बाटी' म्हणून गेले. सारा वर्ग हसला. ती मुलगी हसली नाही. ती जागेवरून उठून माझ्यापाशी आली, फोटोवर बोट ठेवले आणि 'याडी' म्हणाली, अगदी सावकाश, जसे मी त्यांना 'क' शिकवते तसे. तेवढाच एक शब्द. त्यानंतरही ती फार बोलत नाही, पण रोज सकाळी माझा उच्चार तपासून घेते.

पंचवीसचे काम अजून पुरे झालेले नाही. काड्या समोर असल्या तर तो मुलगा बरोबर लिहितो. काड्या उचलल्या की दहातून चार-पाच वेळा उलटे होते. पण आता तो लिहिण्यापूर्वी थांबतो आणि ओठांतल्या ओठांत 'वीस आणि पाच' म्हणतो. सातारच्या ताईंच्या सांगण्यावरून एका संध्याकाळी त्याच्याच घरी गेले होते. तिथे कळले, की या हंगामात तो आईवडिलांबरोबर जाणार आहे, कारण त्याला सांभाळणारी आजी यंदा राहिली नाही. मी बराच वेळ तिथे बसून होते.

माझ्या वर्गातील नऊ मुले जाणार आहेत. सांगलीच्या सरांच्या सूचनेनुसार नऊ जणांचे कागद तयार केले. मुख्याध्यापक सरांनी वाचून प्रत्येकावर सही केली आणि तिसरी-चौथीचे कागद तेही करणार आहेत. मुकादमाला विचारून कोणती टोळी कोणत्या कारखान्याकडे जाणार, तेही लिहून घेतले आहे. एक टोळी कोल्हापूर जिल्ह्यात जाते आहे आणि तो मुलगा त्याच टोळीत आहे. त्याच्या कागदावर शेवटी मी लिहिले आहे: 'पंचवीस म्हटल्यावर ५२ लिहिले तर कृपया लगेच खोडू नये. त्याच्या दप्तरात काड्यांचे पाच गठ्ठे आहेत, ते मांडायला सांगावे.' गठ्ठे त्याने स्वतः बांधले आहेत. उद्या पहाटे त्यांचा ट्रक निघेल.