पोर्टो रिको: एल युंके रेनफॉरेस्टमध्ये झिपलाइन आणि गाइडबरोबर जंगलफेरी, आई-बाबांना घेऊन जमेल का?

जर्सीची_चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचं पोर्टो रिकोला जायचं जवळजवळ ठरलंय. नेवार्कहून सान ह्वानला थेट फ्लाइट आहे, साधारण चार तासांची, आणि नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच-वन ह्या नोकरीच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलाय त्यामुळे सध्या देशाबाहेर पडायचं नाही, म्हणजे कॅरिबियन बघायचंच तर हा सोपा मार्ग. आई-बाबा चिपळूणहून सहा महिन्यांसाठी आलेत, व्हिजिटर व्हिसावर. बाबा ६८, ठणठणीत, रोज सकाळी तासभर चालतात. आई ६४, उजवा गुडघा बदलून दीड वर्ष झालं, सपाटीवर छान चालते पण पायऱ्या उतरताना हात धरावा लागतो. मुलगा ९ वर्षांचा, वजन ५८ पौंड, त्याने कुठेतरी व्हिडिओ बघितलाय आणि तेव्हापासून घरात झिपलाइनशिवाय (उंचावरच्या तारेला लटकून घसरत जायचं) दुसरा विषय नाही.

ऑनलाइन बघितलं तर बऱ्याच ठिकाणी "झिपलाइन आणि गाइडेड नेचर टूर" असं अर्ध्या दिवसाचं एकत्र पॅकेज दिसतंय. मला वाटलं मुलाचं झिपलाइन होईल आणि आई-बाबांना जंगल बघायला मिळेल, एका दिवसात दोन्ही. हे असं खरंच होतं का? आईला त्यात कुठपर्यंत नेता येईल? आणि ती ओरोकोविसची "एल मॉन्स्ट्रुओ" म्हणतात ती झिपलाइन लहान मुलांना झेपेल का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, कारण आई-बाबांची ही बहुतेक शेवटची अमेरिका वारी आहे आणि मला त्यांना नुसतं बाकावर बसवून ठेवायचं नाहीये.

ह्यूस्टनकर

आम्ही दोनदा जाऊन आलोय. आधी कागदपत्रांचं सांगतो. पोर्टो रिको अमेरिकेचाच प्रदेश आहे, तिथे जाणं म्हणजे डोमेस्टिक प्रवास, स्टॅम्प संपला असला तरी त्यामुळे अडत नाही. पण सगळ्यांचे पासपोर्ट, आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रिंट, तुमची आय-७९७ (एच-वनच्या मंजुरीची नोटीस) हे बरोबर ठेवाच, विमानतळावर विचारू शकतात. आणि परत निघताना सान ह्वानला चेक-इनच्या आधी सामान कृषी खात्याच्या स्कॅनरमधून जातं, तेव्हा आईंनी हौसेने फळं किंवा रोपं पिशवीत टाकली असतील तर ती आधीच काढून ठेवा.

एल मॉन्स्ट्रुओ विसरा. अडीच किलोमीटरची एकच तार आहे, पालथं झोपवून डोकं पुढे करून सोडतात, २०१६ साली ती जगातली सर्वात लांब झिपलाइन होती, मग २०१८ मध्ये यूएईतल्या रास अल खैमाच्या जेबेल जैसने तो विक्रम मोडला. मोठ्यांसाठी भन्नाट आहे पण बेटाच्या मधोमध डोंगरात आहे, सान ह्वानहून वळणावळणाच्या रस्त्याने दीड तास धरा, आणि एवढं करून तुमच्या ५८ पौंडांच्या मुलाला घेणार नाहीत. तुम्हाला एल युंकेच्या बाजूची, रियो ग्रांदे आणि लुकियोकडचीच बघायला हवी, ती सान ह्वानहून तासाभराच्या आत आहेत. एक लक्षात घ्या, ह्या झिपलाइन एल युंकेच्या सरकारी जंगलात नाहीत. त्या पायथ्याशी खाजगी जमिनीवर आहेत. त्यामुळे जाहिरातीत रेनफॉरेस्ट लिहिलेलं असलं तरी झिपलाइन केली म्हणजे एल युंके बघितलं असं होत नाही.

दोन_लेकींची_आई

ताई, तुमच्या मुलाचं वजन वाचून थांबले, म्हणून लिहितेच. माझी धाकटी तेव्हा ९ वर्षांची होती, ६१ पौंड. आम्ही असंच एकत्र पॅकेज घेतलं होतं (कंपनीचं नाव लिहीत नाही). बुकिंग करताना वजनाचा रकाना होता, भरला, कोणी काही बोललं नाही. तिथे गेल्यावर रिमझिम चालू होती, दहा जणांचा ग्रुप, हार्नेस चढवले, कसे बसायचे आणि थांबायचे ते पाच मिनिटांत भरभर इंग्लिशमध्ये सांगितलं आणि निघालो.

पहिल्या दोन तारा छोट्या होत्या, ती खूश. तिसरी तार मोठी, दरीवरची. मी आधी गेले, पलीकडच्या फळीवर उभी राहून बघतेय, तर ती वेगात आली, मग हळू झाली, आणि फळीपासून वीस-पंचवीस फुटांवर थांबलीच. आणि तिथून उलटी मागे घसरायला लागली. तारेला मधे झोल असतो ना, हलकं माणूस शेवटच्या चढापर्यंत पोचत नाही, परत झोलात जातं. गाइड ओरडतोय, वळ, तोंड मागे कर, हाताने तार ओढत ये. तिला काही सुचेना. हातमोजे तिच्या हाताला इतके मोठे होते की बोटांची टोकं रिकामी लोंबत होती, तार धरली की मोजा फिरायचा. मला ते मोजे अजून दिसतात. शेवटी गाइड स्वतः तारेवरून तिच्यापर्यंत गेला, तिला आपल्या हार्नेसला अडकवलं आणि ओढत आणलं. दोन-तीन मिनिटांचा खेळ असेल पण माझे पाय लटपटत होते. त्या गाइड मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याने फार मायेने केलं सगळं. तक्रार आहे ती हलक्या मुलीला एकटीला त्या तारेवर सोडायचं ठरवणाऱ्यांबद्दल.

तेव्हा फोन करून हे विचाराच: कमीत कमी वजन किती लागतं, मूल हलकं असेल तर गाइडबरोबर जोडीने पाठवतात का, ब्रेक स्वतः हाताने लावायचा की पलीकडच्या टोकाला त्यांची ब्रेकची सोय आहे, आणि लहान मुलांच्या मापाचे हातमोजे आणि फुल बॉडी हार्नेस आहेत का. हाताने ब्रेक असेल तर हात कायम पुलीच्या मागे ठेवायचा, पुढे गेला तर बोटं पुलीखाली जातात, हे मुलाला घरीच दहा वेळा सांगा. तार ओली असली की ब्रेक नीट लागत नाही, म्हणजे जड माणूस जोरात जाऊन आदळू शकतं. आणि फळीवर असताना दोनपैकी एक तरी हुक सतत तारेला अडकलेला असायलाच हवा, गाइड एक काढून दुसरा लावतो तेव्हा बघत राहा. विचारलं म्हणून कोणाला राग येत नाही, आणि आलाच तर तिथे जाऊ नका.

आणि हो, त्या पॅकेजमधली नेचर टूर म्हणजे पार्किंगपासून पहिल्या फळीपर्यंतची वीस मिनिटांची चाल होती. हे एक झाड, हा एक पक्षी, चला चला, पुढचा ग्रुप येतोय. माझे सासरे त्यासाठी भारतातून आले होते, खाली शेडमध्ये तीन तास बसून होते.

रानवाटा

वरच्या ताईंना शंभर टक्के अनुमोदन. माझं कळकळीचं म्हणणं, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करा. झिपलाइन तुम्ही, नवरा आणि मुलगा अर्ध्या दिवसात उरका आणि जंगलासाठी पूर्ण सकाळ ठेवा, स्वतंत्र गाइड घेऊन, ज्याच्याकडे सहा-आठच माणसं असतील. पैसे थोडे जास्त जातील, पण चिपळूणच्या माणसांना घेऊन जाताय, त्यांना ते जंगल तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळणार आहे.

आमच्याबरोबर माझे वडील होते, मूळचे सावंतवाडीचे. गाइड एका मोठ्या झाडापाशी थांबला, ताबोनुको. खोडाला पांढरट चीक वाळून चिकटलेला होता, त्याने नखाएवढा खडा काढून वडिलांच्या तळहातावर ठेवला आणि चोळायला सांगितलं. वडिलांनी वास घेतला आणि पटकन म्हणाले, अरे हा धूप आहे. आणि खरंच आहे तसं, हे झाड आपल्या सालई-गुग्गुळाच्या कुळातलंच, पूर्वी तिथले लोक ह्या राळेच्या मशाली करायचे. मग गाइडने सांगितलं की ताबोनुकोची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळून एक होतात, म्हणून वादळात ही झाडं एकमेकांना धरून उभी राहतात. वडील त्या झाडाला हात लावून बराच वेळ उभे होते. ते जाऊन आता तीन वर्षं झाली, पण एल युंके म्हटलं की मला त्यांचा तो तळहात आठवतो.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा सगळा डोंगर उघडाबोडका झाला होता, पानच उरलं नव्हतं. आज जाल तर हिरवंगार दिसेल, पण गाइड चांगला असेल तर तो फरक दाखवतो. यागरुमो नावाचं झाड जिथे गर्दीने दिसेल तिथे समजायचं की मोठी झाडं पडून ऊन खाली आलं होतं, कारण ते उघड्या जागेत सगळ्यात आधी झपाट्याने वाढतं. मोठं हाताच्या पंज्यासारखं पान, खालून पांढरं. वारा सुटला की पानं उलटतात आणि लांबून डोंगरावर पांढरे ठिपके दिसतात. आणि इगुआका, म्हणजे तिथला हिरवा पोपट, जगात फक्त ह्याच बेटावर आहे. १९७५ मध्ये रानात जेमतेम १३ उरले होते. तिथून पिंजऱ्यात पैदास करून वाढवत आणले आणि मारियात एल युंकेच्या रानातले जवळजवळ सगळे पुन्हा मेले. आता पुन्हा सोडतायत. दिसेलच असं नाही, आम्हाला दिसला नाही.

आईंसाठी: एल पोर्तालचं व्हिजिटर सेंटर २०२२ मध्ये नव्याने उघडलं, तिथे झाडांमधून उंचावरून जाणारी सपाट वाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. पीआर-१९१ रस्त्यावर ला कोकाचा धबधबा गाडीतून उतरलं की समोरच आहे, चालावं लागतच नाही. योकाहू टॉवरला मात्र गोल जिना आहे, तिथे बाबांना पाठवा. ला मिना धबधब्याची वाट मारियानंतर कित्येक वर्षं बंद होती, कोणत्या वाटा चालू आहेत ते वनखात्याच्या साइटवर जायच्या आदल्या दिवशी बघा. आणि नदीत उतरलात तर गाइडचं ऐका. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, तिथे त्याला गोल्पे दे आग्वा म्हणतात. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या की कपडे-चपला न बघता बाहेर यायचं. डोंगराच्या माथ्यावर वर्षाला २०० इंचांहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीला शोभेल असा, तेव्हा डिसेंबर असला तरी रेनकोट घ्या.

जर्सीची_चिपळूणकरीण

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ताबोनुकोचं बाबांना वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले दोन दिवस वेगळे कर. आईचे प्रश्न आहेत: साप किती, डास किती, आणि आम्ही दोघी शाकाहारी, खायचं काय?

ह्यूस्टनकर

माणसाच्या जिवावर बेतेल असा विषारी साप बेटावर नाही, तिथला मोठा बोआ बिनविषारी आहे आणि सहसा दिसतही नाही. मुंगसापासून मात्र लांब राहा, जवळ आलं तरी खायला घालू नका, तिथे रेबीज मुख्यतः त्याच्यामुळे आहे. ते आपल्याकडचंच मुंगूस, उसातले उंदीर मारायला १८७० च्या दशकात नेलेलं. डासांसाठी फवारा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, डेंग्यू असतो.

खाण्याचं थोडं सांभाळावं लागेल. मोफोंगो म्हणजे कच्च्या केळ्याचा लसूण घालून कुटलेला गोळा, पण त्यात बऱ्याचदा चिचारोन, म्हणजे डुकराच्या तळलेल्या कातडीचे तुकडे असतात, आणि राजम्यात हॅम (हामोन) घालून शिजवतात, म्हणून नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, "सिन हामोन, सिन चिचारोन" असं स्पष्ट सांगा. तोस्तोनेस म्हणजे केळ्याचे दाबून तळलेले काप, ते बिनधास्त घ्या. तेंबलेके म्हणून नारळाच्या दुधाची वडी असते वर दालचिनी घातलेली, ती आईंना नक्की आवडेल. आणि पानापेन दिसलं तर ओळखतील, आपला नीरफणस.

बेडूकवेडा

उशिरा लिहितोय पण एक रात्र जंगलाजवळ राहा असं सुचवेन, सगळे मुक्काम सान ह्वानच्या समुद्रावर करू नका. अंधार पडला की कोकी बेडूक सुरू होतात, एवढासा बेडूक, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि आवाज असा की दार लावलं तरी खोलीत येतो. को-की, को-की. फक्त नर ओरडतो, त्यातला "को" दुसऱ्या नरांना दूर राहा म्हणून आणि "की" मादीसाठी. आणि ह्याला शेपटीवाल्या पिल्लाची पायरीच नसते, अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर येतो. आपल्या सह्याद्रीतले झुडपांवरचे छोटे बेडूक असतात ना, त्यांचंही असंच आहे. तुमच्या मुलाला टॉर्च द्या, पण पकडायचं नाही, आणि फ्लॅश मारायचा नाही.

जर्सीची_चिपळूणकरीण

अपडेट देते. तीन ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी कमीत कमी ७० पौंड, तिथे विषयच संपला. दुसऱ्याने "चालेल, काही होत नाही" म्हटलं, जोडीने पाठवता का विचारल्यावर नीट उत्तर नाही, म्हणून तो सोडला. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी स्वतःहून वजन विचारलं, म्हणाल्या दोन लांब तारांवर तो गाइडला बांधूनच जाईल आणि पाऊस जोरात असेल तर आम्ही रद्द करून पैसे परत देतो. तिथे बुक केलं, आम्हा तिघांचं. त्या दिवशी आई-बाबा लुकियोच्या किनाऱ्यावर बसणार आहेत, त्यांनीच ठरवलंय. जंगलासाठी वेगळा गाइड, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, आम्ही पाचच जण. त्याला ईमेलमध्ये आईच्या गुडघ्याचं सांगितलं आणि ताबोनुको कुठे जवळून बघता येईल ते विचारलं. उत्तर आलं, रस्त्यापासून चाळीस पावलांवर एक आहे, आईंना सावकाश आणा.