घोरणारं मूल गाढ झोपेत नसतं

विषय: मुलाच्या घोरण्याबद्दल अनुभव हवेत

मंडळींनो, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या ईमेल यादीवर असं घरगुती काही लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार करत होते. शेवटी राहवलं नाही.

आमचा धाकटा सहा वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेनं बोलावून घेतलं. एका जागी बसत नाही, सांगितलेलं अर्धवट ऐकतो, मधल्या सुट्टीनंतर तर कशातच लक्ष नसतं, बारीकशा कारणावरून दुसऱ्या मुलांच्या अंगावर धावून जातो. एकदा एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराची, तपासणी करून घ्या, असं त्या म्हणाल्या. बोलल्या मायेनंच, पण घरी पोचेपर्यंत माझे हातपाय गळाले होते.

त्या रात्री झोप येईना म्हणून त्याच्या शेजारी जाऊन पडले. तो घोरतो, हे आम्हाला माहीतच होतं. रोज घोरतो, दार लोटलेलं असलं तरी बाहेर ऐकू येतं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, उशी घामानं ओली. दोन वर्षांपूर्वी अंथरूण ओलं करणं थांबलं होतं, ते अलीकडे परत सुरू झालंय. सकाळी उठवताना रोज रडारड, दहा तास झोपूनसुद्धा.

शाळेतलं हे वागणं आणि ही झोप, यांचा एकमेकांशी काही संबंध असेल का? घरात सगळे म्हणतात, दिवसभर हुंदडतो, दमून घोरतो. मलाच उगाच धागे जुळवायची सवय आहे का?

– दोन मुलांची आई

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

ताई, धागे उगाच जुळवत नाही आहात. आमच्या मुलीच्या वेळी मी हे जुळवायला एक वर्ष उशीर केला, म्हणून लगेच लिहितोय.

ती चार वर्षांची होती. तीही घोरायची आणि आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं, एवढीशी पोर आणि आवाज बघा! एकदा तिला सर्दी झाली म्हणून पहाटेपर्यंत तिच्या पलंगाजवळ जमिनीवर बसून होतो. घोरता घोरता आवाज एकदम बंद झाला. मला बरं वाटलं, म्हटलं, मोकळं झालं नाक. मग लक्षात आलं की छाती आणि पोट उलटसुलट हलतंय, गळ्याखालची खळगी आत ओढली जातेय, पण नाकापुढे धरलेल्या माझ्या बोटाला वारा लागत नाहीये. मी आकडे मोजायला लागलो. अकरावर आलो तेव्हा तिनं सगळं अंग झटकलं, हुंदका आल्यासारखा मोठा श्वास घेतला, कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली. डोळे एकदाही उघडले नाहीत. तासाभरात असं किती वेळा झालं, ते मोजायचं धाडस झालं नाही. सकाळी तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

डॉक्टरांकडे दिवसा नेलेलं मूल हसतं-खेळतं असतं, त्यांना रात्र दिसत नाही. म्हणून फोनवर चित्रण करा. छातीवरचं पांघरूण बाजूला घ्या, डोकं, गळा आणि पोट एकाच चौकटीत दिसू दे, आवाज नीट येऊ दे. आणि झोपल्या झोपल्या नका करू, पहाटेकडे करा. स्वप्नांची झोप पहाटे जास्त असते आणि मुलांचे श्वास त्यातच जास्त अडकतात. आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन मिनिटांचं ते चित्रण पाहिलं आणि लगेच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत रात्रभर श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी, लिहून दिली.

टॉन्सिल्स आणि अ‍ॅडिनॉइड्स (घशातल्या आणि नाकामागच्या मांसल गाठी) काढल्यानंतर पहिल्या शांत रात्री आम्ही दोघं तीनदा उठून बघून आलो, पोर श्वास घेतेय ना! इतकी शांतता आम्हाला माहीतच नव्हती. तिची वजन-उंचीची रेघ कैक महिने सपाट होती, ती त्या वर्षात वर चढली.

– मुलीचा बाबा

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंत ते वाचून स्वस्थ बसवेना.

नाकाच्या मागे अ‍ॅडिनॉइड्स आणि घशात टॉन्सिल्स असतात. दोन ते आठ या वयात श्वासाच्या वाटेच्या मानानं ते सर्वांत मोठे असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात, झोपेत ते सैल पडले की वाट चिंचोळी होते किंवा पूर्ण मिटते. मेंदूला हे कळतं, तो क्षणभर जाग आणतो, श्वास सुटतो. जीव वाचतो पण झोप तुटते, आणि दर थोड्या वेळानं हेच. यालाच अडथळ्याचा स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. शंभर मुलांत साधारण एक ते पाच जणांना तो असतो. रोज घोरणारी मुलं त्याहून बरीच जास्त आहेत, म्हणजे घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार असतो असं नाही. पण रोजच्या घोरण्याची चौकशी मात्र प्रत्येकाची व्हायला हवी.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. लहान मूल बहुधा पेंगत नाही, ते सैरभैर होतं. लक्ष टिकवणं, रागाला आवर घालणं, सांगितलेलं डोक्यात धरून ठेवणं, ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची. तुटलेली झोप आणि रात्रभर वरखाली होणारा ऑक्सिजन याची झळ त्या भागाला लागते, असं आज मानलं जातं. बाहेरून दिसायला चित्र हुबेहूब एडीएचडीसारखं. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं, शिवाय श्वासासाठी झगडण्यात ताकद खर्च होते, म्हणून काही मुलांची वाढ रेंगाळते. अंथरूण ओलं होण्यालाही कारण आहे. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदय ताणलं जातं आणि मूत्र वाढवणारं एक संप्रेरक सोडतं. यात मुलाचा आळस नाही की हट्ट नाही. कृपा करून त्याला त्यावरून कुणी रागावू नये.

हे ज्ञान नवंही नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लंडनच्या विल्यम हिल या डॉक्टरांनी 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं की शाळेत मागे पडणाऱ्या, ‘मठ्ठ’ ठरवलेल्या काही मुलांचं खरं दुखणं नाक-घशात असतं. त्यानंतर ते जवळजवळ विसरलं गेलं. 1976 मध्ये ख्रिस्तियान गियेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या आठ मुलांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे आधुनिक वैद्यकात हा विषय रुजला. 1998 मध्ये डेव्हिड गोझल या डॉक्टरांनी वर्गात गुणांमध्ये सर्वांत मागे असलेली पहिलीतली 297 मुलं तपासली. त्यांतल्या 54 जणांना रात्री श्वासाचा त्रास निघाला. 24 जणांची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुण वाढले. ज्यांच्या पालकांनी उपचार घेतले नाहीत, ती मुलं होती तिथेच राहिली. त्या मुलांना किती वेळा ‘लक्ष दे’ म्हणून दरडावलं गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

शाळेनं सुचवलेली तपासणी रद्द करू नका. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. फक्त दिवसाच्या वागण्याला नाव देण्याआधी त्याची रात्र तपासून घ्या. नुसते टॉन्सिल्स बघून अंदाज बांधता येत नाही. प्रचंड टॉन्सिल्स असलेलं मूल शांत झोपतं आणि मध्यम आकाराचे असलेलं गुदमरतं, हे मी पाहिलंय. खात्री रात्रभराच्या स्लीप स्टडीतूनच होते. त्यात एएचआय नावाचा आकडा येतो, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला याचा. मोठ्यांमध्ये पाचपर्यंत चालतं, मुलांमध्ये एकाच्या वर गेला की दखल घ्यायची आणि दहाच्या वर तीव्र.

– मंडळातली एक डॉक्टर

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

सर्वांस सप्रेम नमस्कार. मी इथे मुलीकडे असते. तिनं ही पत्रं मला वाचून दाखवली.

माझा थोरला मुलगा लहानपणी तोंड उघडं टाकून झोपायचा, खूप घोरायचा. आम्ही म्हणायचो, लेकरू कसं निवांत झोपलंय. शाळेत त्याला मार बसायचा, घरीही बसायचा, लक्ष नाही म्हणून. तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आज तो पन्नाशीचा आहे, मशीन लावून झोपतो. लहानपणीही त्याला हेच होतं का, ते आता कोण सांगणार? पण मला रात्री ते आठवतं.

सुनबाई, तू त्याच्या शेजारी जाऊन पडलीस हे फार बरं केलंस.

– एक आजी

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

नमस्कार. वरची पत्रं वाचून कुणाला वाटेल, शस्त्रक्रिया केली की विषय संपला. आमच्या घरी तसं झालं नाही.

मुलगा नऊ वर्षांचा, वजन वयाच्या मानानं बरंच जास्त. टॉन्सिल्स-अ‍ॅडिनॉइड्स निघाले, घोरणं कमी झालं, आम्ही खूश. तीन महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी केली तर आकडा अजून सातवर. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये आजार बऱ्याचदा उरतो, असं तेव्हा कळलं. आता सीपॅप लावतो. मुखवट्यातून हवेचा हलका दाब येतो आणि घसा मिटत नाही. पहिले पंधरा दिवस रडून काढले. मग तंत्रज्ञबाईंनी सांगितल्याप्रमाणे मुखवटा दिवसा, जागेपणी, गोष्ट ऐकताना लावायला लागलो. आधी नुसता हातात, मग नाकावर, मग हवा सुरू करून. महिन्याभरात जमलं. वजनावरही काम चालू आहे, सगळ्या घरानं मिळून, त्याला एकट्याला वेगळं न पाडता.

डॉक्टर ताईंना एक विचारायचंय. थांबून पाहिलं तरी काही मुलं आपोआप बरी होतात, असं मी वाचलं. मग घाई कशाला करायची?

– मंडळाचा एक सभासद

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

दादा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

2013 मध्ये कॅरोल मार्कस आणि सहकाऱ्यांनी 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना देखरेखीखाली ठेवलं. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची स्लीप स्टडी सुधारून सामान्य झाली होती, आणि थांबलेल्यांपैकीही 46 टक्क्यांची. म्हणजे तुम्ही वाचलंत ते खरं आहे. वागणं, चिडचिड, दिवसाचा उत्साह, घरच्यांना दिसणारी लक्षणं, यात शस्त्रक्रिया झालेली मुलं स्पष्टपणे पुढे होती. मात्र लक्ष आणि नियोजनाच्या औपचारिक चाचणीत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. म्हणून ‘ऑपरेशन केलं की मूल हुशार होईल’ असं मी कोणत्याही आईबापांना सांगत नाही. नीट झोपेल, सकाळी चिडचिड कमी होईल, दिवसा स्वतःवर ताबा ठेवणं त्याला सोपं जाईल, इतकी आशा जरूर धरा. त्या चाचणीत ऑक्सिजन बराच वेळ खाली राहणारी मुलं घेतलीच नव्हती, हेही विसरू नका. अशा मुलांना थांबवून ठेवू नये.

आजार सौम्य असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे देऊन पाहतात, अ‍ॅलर्जी असेल तर तिचा उपचार करतात. काहींना टाळू रुंद करणारं दातांचं उपकरण उपयोगी पडतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी तर घोरणं असो वा नसो, चार वर्षांच्या आत स्लीप स्टडी करून घ्यावी. त्यांच्यात हा आजार फार आढळतो आणि आईबापांना बाहेरून अंदाज येत नाही.

ज्यांच्याकडे शस्त्रक्रिया ठरेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. घसा एक ते दोन आठवडे दुखतो. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटते, तेव्हा तोंडातून ताजं रक्त दिसलं तर थोडंसंच आहे म्हणून वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. आणि दुखण्यासाठी कोडीन असलेलं औषध मुलाला द्यायचं नाही. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार झपाट्यानं करतं आणि श्वास मंदावतो. यात मुलं दगावली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2013 मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. घरात मोठ्यांसाठी आणलेली जुनी बाटली असेल तर ती आजच बाजूला काढा.

– मंडळातली एक डॉक्टर

विषय: उत्तर: मुलाच्या घोरण्याबद्दल

मंडळींनो,

सात आठवड्यांनी लिहिते आहे. सर्वांची पत्रं छापून मी फाइलमध्ये ठेवली आहेत. आजी, तुमचं पत्र मी यांनाही वाचून दाखवलं.

चित्रण पहाटे चार वाजता केलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि स्लीप स्टडीची तारीख लवकरची मिळवून दिली. धाकट्याच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, छातीवर आणि पोटावर पट्टे, नाकाखाली बारीक नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. मला वाटलं होतं, आकांडतांडव करेल. त्यानं तंत्रज्ञबाईंना एवढंच विचारलं, “हा दिवा मी घरी नेऊ?” मी बाजूच्या खाटेवर जागीच होते.

एएचआय चौदा आला. रक्तातला ऑक्सिजन एकदा 84 टक्क्यांपर्यंत उतरला होता. अहवाल हातात आल्यावर आधी रडू आलं, आणि मग हलकंही वाटलं. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला कागद दाखवला. त्यांनी तो नीट दोनदा वाचला आणि त्याला सकाळच्या वेळी आपल्याजवळ पुढे बसवायचं ठरवलं. एडीएचडीची तपासणी शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी करायची, असं डॉक्टर आणि शाळा दोघांच्या विचारानं ठरलंय. अंथरुणावर प्लास्टिक घातलंय, आणि सकाळी त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. कोडीनचं मी स्वतःहून विचारलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, ते इथे देतच नाहीत.

काल रात्री परत त्याच्याजवळ बसले होते. सर्वांत लांबचा थांबा बाराचा होता. मोजून झाल्यावर त्याची मान जरा सरळ केली आणि पडून राहिले.

मंगळवारनंतर कळवते.

– दोन मुलांची आई