शब्दचर्चा : कोड्यातला 'नग' आणि कवितेतला 'नग'

शब्दकोड्यातली उत्तरे घेऊन कविता रचण्याचा जो खेळ आपण सदस्य खेळतो, त्याबद्दल या चर्चेत विचारलेले प्रश्न दोन आहेत. शब्दकोड्याची उत्तरे गुंफून रचलेल्या चार ओळींना नेमके काय म्हणावे, हा पहिला. अशा रचनेत शब्द कोड्यात दिलेल्या अर्थानेच यायला हवा, की दुसऱ्या अर्थाने आला तरी चालेल, हा दुसरा. पहिला प्रश्न सोपा आहे आणि दुसरा खरा आहे, म्हणून पहिला थोडक्यात आटोपतो.

'विडंबन' हा शब्द येथे लागू पडत नाही, कारण विडंबनाला समोर एखादी मूळ कविता लागते आणि आपल्यासमोर केवळ सुटे शब्द असतात. 'समस्यापूर्ती' बरीच जवळची आहे, परंतु तिच्यात एक संपूर्ण चरण दिलेला असतो आणि कवीने उरलेला श्लोक त्याला जुळवून घ्यायचा असतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आधी यमके ठरवून त्यांवर कविता रचण्याचा खेळ लोकप्रिय होता. आपला खेळ त्या जातीचा म्हणता येईल, फक्त आपले शब्द ओळीच्या शेवटीच आले पाहिजेत अशी अट नाही. 'चारोळी' म्हटले की आता वाचकाला हळुवार भावना अपेक्षित असते, आणि 'वात्रटिका' म्हटले की कोणाला तरी काढलेला चिमटा. तेव्हा रचना पाहून नाव द्यावे, खेळाला मात्र आपण आजवर म्हणत आलो तसे 'जुळणी' म्हणावे, असे माझे मत आहे.

आता दुसरा प्रश्न. ज्या रचनेवरून वाद झाला ती अशी. कोड्यातील उत्तरे होती वारी (सूचक शब्द : पाणी), रव (आवाज), कर (हात) आणि नग (पर्वत). आपल्यापैकी एका सदस्याने त्यांची पुढील जुळणी केली :

नळास वारी आठवड्याने,
रव भांड्यांचा घुमतो दारी;
कर जोडूनी नळ मज म्हणतो,
'कर भरणारा नग हा भारी!'

प्रत्येक ओळीत सोळा मात्रा बरोबर भरतात, त्यामुळे वृत्ताची तक्रार कोणी केली नाही. तक्रार अर्थाची होती : शब्द सूचक अर्थ सोडून दुसऱ्याच अर्थाने आले आहेत, अशी. परंतु त्याआधी हे चारच शब्द कोड्यात इतक्या वेळा का येतात, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात छापून आले तेव्हा त्याच्या चौकटीत एकेक सुटे रोमन अक्षर होते आणि स्वरालाही स्वतःचे घर होते. मराठी कोड्यात मात्र व्यंजन, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर हे सारे एकाच घरात बसते, त्यामुळे आडवा शब्द उभ्याला जेथे छेदतो तेथे नुसता 'ड' जुळून भागत नाही, 'ड्यां' असेल तर 'ड्यां'च जुळावा लागतो. कोडे रचणारा साहजिकच बिनकाना-मात्रेच्या अक्षरांकडे वळतो आणि रव, नग, कर, शर, तम, खग अशा संस्कृत शब्दांची त्याच्याकडे रीघ लागते. हे शब्द बोलण्यात कोणी वापरत नाही, पण कोडे सोडवणाऱ्याला ते शेजाऱ्यांइतके ओळखीचे असतात. जुळणीतली गंमत बरीचशी येथूनच येते : भांड्यांचा खरे तर खडखडाट होतो, रव पाखरांचा व्हावा, तोही बहुधा 'कलरव' या समासातच, तो 'रव' चाळीच्या नळावर आला की हसू येते.

'कर' या शब्दाबद्दल वाद होण्याचे कारण नाही. 'कर जोडणे' हा प्रयोग मराठीत रुळलेला आहे, त्यामुळे तिसऱ्या ओळीत सूचक अर्थ शाबूत राहतो आणि चौथ्या ओळीत नगरपालिकेचा कर आला की श्लेष आपोआप उभा राहतो.

'वारी' मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. संस्कृतातील 'वारि' ऱ्हस्व आहे, परंतु 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा अन्त्य इकार मराठीत दीर्घ लिहायचा असल्याने तो 'वारी' होतो आणि पंढरीच्या वारीशी त्याचे रूप तंतोतंत जुळते. समासात तो पहिल्या पदाच्या जागी आला की पुन्हा ऱ्हस्व होतो, जसे 'वारिद'. पहिल्या ओळीत 'नळाला आठवड्याने पाणी' आणि 'नळाची आठवड्याने एक फेरी' हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागतात, याचे कारण ओळीत क्रियापदच नाही. पाणी या अर्थी वारी नपुंसकलिंगी आणि फेरी या अर्थी स्त्रीलिंगी. 'वारी येते' लिहिले असते तरी निभावले असते, पण 'आली' किंवा 'आले' लिहिताच एक अर्थ गळून पडला असता. रचणाऱ्याने हे जाणूनबुजून केले असेल तर त्याला दाद दिली पाहिजे, आणि नकळत झाले असेल तरीही ओळ चांगलीच आहे.

राहिला 'नग'. 'न गच्छति', म्हणजे जो हलत नाही तो नग, पर्वत. या अर्थी हा शब्द मराठीत एकटा वावरत नाही. 'नगाधिराज' अशा समासांत तेवढा टिकून आहे. एकटा वावरतो तो नग म्हणजे बिलावरचा 'दहा नग', सोनाराकडचा दागिना, किंवा 'काय नग आहे!' असे ज्याच्याबद्दल म्हणतात तो विक्षिप्त मनुष्य. चौथ्या ओळीत हा शेवटचाच अर्थ आहे आणि पर्वताचा तेथे मागमूस नाही. 'भारी' या शब्दात वजनाचा अर्थ असल्यामुळे पर्वत सूचित होतो, असा बचाव एका सदस्याने मांडला आहे; तो मला फार ओढूनताणून आणलेला वाटतो.

माझे म्हणणे असे की, अर्थ बदलायला हरकत नसावी, परंतु सूचक शब्दातला अर्थ वाक्यात कोठेतरी डोकावला पाहिजे. नाहीतर कोडे सोडवलेल्याला आणि न सोडवलेल्याला ती रचना सारखीच वाटेल, आणि मग ती कोड्यावरून रचल्याचे प्रयोजन उरणार नाही. याउलट सगळे शब्द सूचक अर्थानेच वापरण्याची सक्ती केली तर काय होते, ते 'पाणी' या उत्तराच्या (सूचक शब्द : हात) मी केलेल्या जुळणीत दिसेल :

पाणी धरले मांडवात अन् पाणी सुटले तोंडाला,
जिलबी दिसली ताटामधली, विसर पडे मज मंत्राला.

पहिल्या 'पाणी'चा अर्थ हात आहे हे मांडवाचा उल्लेख आल्यावरच कळते. तोवर वाचकाच्या डोळ्यांसमोर शेताला पाणी धरणारा माणूस उभा असतो. हात या अर्थी हा शब्द 'पाणिग्रहण' आणि 'चक्रपाणी' यांसारख्या समासांबाहेर उभा राहू शकत नाही, आणि ही गोष्ट कोडे सोडवताना लक्षात येत नाही, तो वाक्यात घालायला गेल्यावर येते. दुसरे 'पाणी' नसते तर ही ओळ नुसती दुर्बोध झाली असती.

एका सदस्याने असाही प्रश्न विचारला आहे की, वृत्तासाठी 'वारी'चे 'वारि' करावे काय. वृत्ताच्या बंधनापुरते ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य कवीला आहेच, म्हणून करावे. मात्र तसे केल्यास पंढरीची वारी हातची जाते आणि केवळ पाणी शिल्लक राहते, हे ध्यानात घेऊन करावे.

'नग'च्या ओळीत पर्वत आणि विक्षिप्त मनुष्य हे दोन्ही अर्थ बसवून कोणी सोळा मात्रांत पर्यायी ओळ सुचवल्यास मूळ रचनाकाराची हरकत नाही. यमक 'दारी'शी जुळावे आणि 'कर' हा शब्द कायम राहावा, एवढीच त्याची अट आहे.