मदत हवी आहे: चॉपिंग बोर्डवर कोरलेल्या अक्षरांतून काळं रेझिन पसरतंय

मंडळी, जरा मदत करा. मावशीच्या साठीला स्वतः बनवलेला चॉपिंग बोर्ड द्यायचाय. सागवानाची फळी सुताराकडून रंधा मारून आणली, एका कडेने निळ्या रेझिनची (दोन द्रव मिसळून ओतले की प्लास्टिकसारखं कडक होतं ते) पट्टी म्हणजे आमच्या गावचा समुद्र, आणि मधे तिच्याच हस्ताक्षरातलं गोडा मसाल्याचं प्रमाण लेझरने कोरून त्यात काळं रेझिन भरायचं असा प्लॅन होता.

आधी तुकड्यावर ट्रायल घेतली तर काळा रंग अक्षरांच्या बाहेर लाकडाच्या रेषांमधून पसरला, 'धणे'चं पार डबकं झालंय, १२० च्या पॉलिश पेपरने घासलं तरी जात नाही. कोरल्यावर आधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात मारून मग रेझिन भरायचं असं एकाने सांगितलं, पण त्यावर रेझिन नीट धरतं का? की आधी बिनरंगाचंच रेझिन ब्रशने लावू?

दुसरं म्हणजे निळ्या पट्टीत बुडबुडे खूप येतायत, हेअर ड्रायर फिरवला तर उलट लाटाच उठल्या. मिक्सिंग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे वजन करूनच केलंय. इथे रत्नागिरीत पावसाळ्यात हवा इतकी दमट की लाकूडच ओलं राहिलं असेल का?

रेझिनवर सुरी चालवायची नाही हे माहितीये, कापायची बाजू मागची कोरीच ठेवणारे, तिला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावलं तर चालेल ना? जवसाचं तेल घरात आहे पण ते वाळायला फार दिवस घेतं.

कार्यक्रमाला तीनच आठवडे उरलेत आणि फळी एकच आहे, त्यामुळे कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.