मदत हवी आहे : कंपनीच्या राऊटरऐवजी स्वतःचा लावायचा आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडला फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीने दिलेला डबा (ओएनटी, म्हणजे फायबरचा प्रकाश-सिग्नल साध्या नेटच्या सिग्नलमध्ये बदलणारं यंत्र, आणि वायफाय एकातच) मनात येईल तेव्हा वायफाय सोडतो. केबलने जोडलेला लॅपटॉप त्याच वेळी मस्त चालतो, म्हणजे लाइन ठीक असावी. तक्रार केली की माणूस येतो, रिसेट मारतो, "आता बघा काका" म्हणून जातो. संध्याकाळी पुन्हा तेच.

डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर चालणारा. त्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, आणि आमच्या सोसायटीत तिन्हींवर गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखी गर्दी. म्हणून ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा) राऊटर घ्यायचा विचार आहे, बजेट तीन हजारांच्या आत.

फायबर साध्या राऊटरला थेट लागत नाही, तेव्हा ओएनटी राहणारच. तो ब्रिज मोडवर (म्हणजे राऊटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देईल असा) टाकून पीपीपीओई लॉगिन (कंपनीच्या नेटला जोडायचं युजरनेम-पासवर्ड) माझ्या राऊटरमध्ये भरायचं, बरोबर ना? पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (लाइनवर नेट वेगळं ओळखायचा क्रमांक) कस्टमर केअरकडून मिळतो, की लोकल ऑपरेटरलाच गाठावं लागतं? मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) बदलून घ्यावा लागला का कुणाला?

मुख्य काळजी लँडलाइनची. फोन त्याच डब्याला जोडलाय आणि आईला तो हवाच. ब्रिज केल्यावर तो चालू राहतो का?

ब्रिज नाहीच दिला तर डब्याचं वायफाय बंद करून मागे नवा राऊटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय पसरवणारा) म्हणून लावेन. तेवढ्याने भागेल का? दोन बीएचके, भिंती जुन्या विटांच्या.