चित्रे काढणे हाच व्यवसाय झाल्यावर घरात छंदासाठी जागा कशी ठेवावी?

निळीशाई (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि गेली बारा वर्षे घरूनच चित्रकार म्हणून काम करते. लहान मुलांची पुस्तके, अभ्यासपुस्तकांतील रेखाटने आणि पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंक, अशी माझ्या कामाची वर्षभराची वाटणी आहे. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून रुजलेल्या या प्रथेने आजही आमच्यासारख्या अनेकांची चूल पेटते, याची मला जाणीव आहे, पण त्याचबरोबर आषाढ ते भाद्रपद या काळात घरात काय चालले आहे हे मला कळेनासे होते, हेही खरे आहे. गेल्या वर्षी घरी गौरी जेवत होत्या, त्या दुपारी मी एका कथेच्या शीर्षकाची अक्षरे रंगवत बसले होते.

घरात नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची असल्यामुळे दिवसाचा बराचसा भार सासूबाईंवर आणि माझ्यावर पडतो. माझे टेबल हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीशी आहे. मी समोर दिसते, म्हणून मी मोकळी आहे असे सर्वांना वाटते. दाराची घंटा वाजली, गॅसचा सिलेंडर आला, नळवाला आला, तर उठायचे मीच. ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, अर्धवट टाकून उठले की परत येईपर्यंत त्याची कड वाळून तिथे कायमची रेघ उमटलेली असते.

परंतु मला खरा सल हवे तसे काम होत नाही याचा नसून दुसऱ्या दोन गोष्टींचा आहे. पहिली म्हणजे, मी स्वतःसाठी शेवटचे चित्र कधी काढले हे मला आठवत नाही. वही उघडली की हात थांबतो आणि हे कुठे छापायचे, कोणाला दाखवायचे, असे प्रश्न आधी उभे राहतात. दुसरी गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. मुलगी माझ्या शेजारी बसून घराचे चित्र रंगवत होती. तिने कागदाच्या वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी ओढली होती आणि खाली गवताची हिरवी पट्टी. मधला कागद कोरा होता. मी नकळत तिच्या हातातला ब्रश घेतला आणि आकाश जमिनीपर्यंत खाली आणून दिले. ती काही बोलली नाही. तिने कागदाची चार वेळा घडी घातली आणि तो दप्तरात ठेवून दिला. त्याला आता पंधरा दिवस झाले, ती माझ्या टेबलापाशी बसायला आलेली नाही.

ज्यांच्या घरात कला हेच रोजगाराचे साधन आहे, त्यांनी छंद कसा जपला, हे मला जाणून घ्यायचे आहे. माध्यम बदलावे का? की चित्रकाराने छंदाची अपेक्षाच सोडून द्यावी?

कामटी

ताई, आमचे घर पेणचे. तीन पिढ्यांपासून गणपतीचा कारखाना आहे आणि मी स्वतः मुख्यतः आखणीचे काम करतो. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मूर्तीचे सगळे रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे, भुवया आणि बुबुळे काढतात, त्याला आम्ही आखणी म्हणतो. तेवढे जमले नाही तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. एका हंगामात इतके डोळे काढल्यावर स्वतःच्या हौसेसाठी पुन्हा कुंचला उचलावा असे वाटत नाही, हे तुमचे म्हणणे मला अगदी पटते, आणि त्यात काही बिघडले आहे असे मला वाटत नाही.

माझ्या वडिलांनी यावर शोधलेला उपाय मी आजही पाळतो. नवरात्राच्या देवी घटस्थापनेपूर्वी रवाना झाल्या की कारखान्यात जरा शांतता होते. त्या दिवसांत वडील आम्हा भावंडांना घेऊन आकाशकंदील करायला बसत. बांबू चिरून कामट्या काढायच्या, त्या हाताला कूस लागणार नाही इतक्या तासायच्या, दोऱ्याने चौकोन बांधायचे, प्रत्येक गाठीवर बोटभर खळ लावायची आणि मग पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा. मैद्याची खळ टिकावी म्हणून तिच्यात पूर्वी मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी असल्यामुळे घरात लहान मूल असेल तर तो घालू नये, ताजी खळ शिजवून दोन दिवसांत संपवावी. आमच्या कंदिलाची एक बाजू नेहमी थोडी कललेली असे. कारखान्यात एका भुवईसाठी तीनदा हात पुसायला लावणारे वडील त्या कललेल्या बाजूला कधी बोट लावत नसत.

माझ्या समजुतीप्रमाणे यातले मर्म माध्यम बदलण्यात आहेच, पण त्याहून अधिक हे आहे की त्या कंदिलाला गिऱ्हाईक नव्हते. तो आमच्या ओटीवर लागे, तुळशीच्या लग्नापर्यंत वाऱ्यात फाटे आणि मग काढून टाकला जाई. तुम्हीही असे काही निवडा, जे वापरून संपते. दारातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. दुसऱ्या दिवशी झाडू फिरतो आणि पाटी कोरी होते. एक मात्र सांभाळा. तुम्ही जे कराल ते सुबक होणारच, आणि मग नातेवाईक म्हणतील की याच्या ऑर्डरी घे. त्या घेऊ नका. माझ्या बहिणीने कंदिलाच्या ऑर्डरी घेतल्या आणि दुसऱ्याच वर्षी तिला कामट्यांचा कंटाळा आला.

सहचर

मी स्वतः चित्रकार नाही, परंतु माझी पत्नी आहे, म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. वरच्या प्रतिसादातील एका मुद्द्याशी मी सहमत नाही. माध्यम बदललेच पाहिजे असे नाही. माझी पत्नी दिवसभर जलरंगातच व्यावसायिक काम करते आणि तिचा छंदही जलरंगच आहे. फक्त त्यासाठी तिच्याकडे तळहाताएवढी एक वेगळी वही आहे. कामासाठी ती 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कापसाचा महाग कागद वापरते, आणि महाग कागदासमोर हात आखडतो असे तिचेच म्हणणे आहे. वहीत साधा कागद असतो, तो पाण्याने फुगतो, रंग पलीकडे उतरतो, आणि त्यामुळेच तिला तिथे मोकळे वाटते. त्या वहीत फोडणीची पळी आहे, माझ्या चपला आहेत, वाळत घातलेले पापड आहेत. ती वही घरात कोणीही तिच्या परवानगीशिवाय उघडत नाही, आणि तिच्यातले एकही पान तिने कधी समाजमाध्यमांवर टाकलेले नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. तुम्ही सगळ्या घंटा स्वतः का झेलता, हे आपल्या यजमानांना एकदा शांतपणे विचारा, असे मी सुचवेन. आमच्याकडे दोन-तीन वर्षे हीच तक्रार होती आणि मला ती कळत नव्हती, कारण पत्नी काम करताना बाहेरून निवांत बसलेली दिसते. ज्या दिवशी तिने मला शेजारी बसवून ओला वॉश वाळण्याआधी किती वेळ हातात असतो हे प्रत्यक्ष दाखवले, त्या दिवशी मला समजले की मधेच हाक मारणे म्हणजे पोळी तव्यावर असताना माणसाला बाहेर बोलावणे आहे. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिच्या मुदती लाल शाईने लिहिलेल्या असतात आणि सकाळी दहा ते एक या वेळेत दार माझे, किंवा मी घरी नसेन तर शेजाऱ्यांकडे निरोप ठेवलेला असतो. सिलेंडरवाला शेजाऱ्यांकडे सिलेंडर ठेवतो, त्याला काही अडचण नसते. तुमच्या घरी पाळ्या असल्याने ही वेळ दर आठवड्याला बदलावी लागेल, पण ती लिहिलेली असावी. तोंडी ठरवलेले टिकत नाही.

खडूफळा

मी कोल्हापुरात तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. वेळ आणि माध्यम यांबद्दल वरच्या दोघांनी चांगले लिहिले आहे. मला केवळ त्या निळ्या पट्टीबद्दल बोलायचे आहे, कारण तो भाग वाचून मला राहवले नाही.

सहा ते आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या चित्रांत आकाश वर पट्टीसारखे असते, जमीन खाली रेघेसारखी असते आणि मध्ये मोकळी जागा असते. ही चूक नाही. मूल जे जाणते ते काढते. आकाश डोक्यावर आहे, जमीन पायाखाली आहे आणि आपण दोन्हींच्या मध्ये उभे आहोत, हे त्याला पक्के माहीत असते. क्षितिजावर आकाश जमिनीला टेकते, हे त्याला पुढे आपोआप दिसू लागते आणि त्या दिवशी ते स्वतःच आकाश खाली आणते. मी सुरुवातीच्या वर्षांत शंभर मुलांच्या पट्ट्या दुरुस्त केल्या असतील, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. तुम्हाला मुलीला पुन्हा जवळ आणायचे असेल तर तिची माफी मागा, आणि तीही मोघम न मागता नेमकी मागा: तुझे आकाश बरोबर होते, मी न विचारता ब्रश घेतला. मुलांना एवढे स्पष्ट बोललेले फार आवडते.

त्यानंतर तिच्या चित्राकडे पाहताना “छान” म्हणू नका आणि “हे काय आहे” असेही विचारू नका. “या खिडकीतून कोण बघतंय?” असे विचारा. तिला वेगळे, बुटके टेबल द्या, आणि तिच्या हाताशी राहतील असे तिचे स्वतःचे रंग द्या. तुमच्या रंगपेटीतले कॅडमियमचे पिवळे-तांबडे रंग तिच्या हातात देऊ नयेत, कारण कॅडमियम हा विषारी धातू आहे. ब्रश तोंडात धरून टोक काढण्याची सवय मुलांना चटकन लागते. तुम्ही तैलरंगात काम करत असाल तर टर्पेंटाइनची बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बाहेर चित्रे काढायला जाणे हा आमच्या गावचा जुना रिवाज आहे. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी बसून रंगवत असत, ही गोष्ट इथले चित्रकार आजही आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात. तुम्ही पाताळेश्वरापाशी किंवा पर्वतीवर जा, सासूबाईंनाही न्या, आणि तुम्ही तिथे मुलीच्या पेटीतले रंग वापरा.

निळीशाई

तिघांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण मधल्या काळात हे सगळे घरात करून पाहत होते.

सरांनी सांगितले तशी मी मुलीची माफी मागितली. तिने दप्तरातून तो घडी घातलेला कागद काढून मला दाखवला. मी खाली आणलेल्या आकाशावर तिने पांढऱ्या खडूने रंग देऊन ते पुन्हा वर नेले होते. वेळापत्रक कालनिर्णयवर लिहिले आहे. नवऱ्याची रात्रपाळी असते त्या आठवड्यात ते अजून नीट बसत नाही, पण सकाळचे दोन तास सलग मिळू लागले आहेत.

छंदाचे उत्तर मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडले. सासूबाईंचे माहेर सांगली भागातले, त्यामुळे त्या गोधडीला वाकळ म्हणतात. त्यांच्या आईची दोन सुती लुगडी ट्रंकेत होती, ती त्यांनी खाली-वर घालून आत जुनी धोतरे पसरली आणि मला धावदोरा घालायला बसवले. माझे टाके त्यांच्यापेक्षा कितीतरी वाकडे येतात, आणि रेघेवर हुकमत असलेल्या माझ्या हाताला ते सोसायला पहिले चार दिवस कठीण गेले. आता रात्री जेवणे उरकल्यावर आम्ही दोघी दोन कडांनी शिवत आत येतो आणि मुलगी सुईत दोरा ओवून देते. वरच्या कडेला निळ्या कापडाची पट्टी हवी, असे तिने सांगितले. ती तिने बोट ठेवले तिथेच लावली आहे.

कामटी यांना एक विचारायचे होते. यंदा आम्हाला घरी कंदील करायचा आहे, पण आणलेल्या कामट्या वाकवताना मोडतात. काय चुकते?

कामटी

बांबू वाळलेला असणार. कामट्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी वाकवताना सालीची बाजू बाहेर येईल असे धरा. गाठी मारून झाल्यावर सांगाडा दिवसभर सावलीत वाळू द्या, आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय कागद लावू नका. नाहीतर कामटी आत ओढली जाते आणि कागदाला सुरकुती पडते. कागद आणताना दोन जास्त आणा, मुलीला झिरमिळ्या कापायला लागतील.